जिवाचं कार्ड

"किल्ली मी देणार नाही," वर्ना म्हणाली, आणि माझ्या काउंटरवरच्या बशीतला आणखी एक पेरोगी, बटाट्याची उकडलेली करंजी, उचलून तिने तोंडात टाकला. "समितीला हवी असेल तर समितीने माझ्या बसमध्ये चढून मागावी."

समिती म्हणजे एवाल्ड फ्रीसेन. तो तिच्यासमोरच उभा होता, टोपी हातात घेऊन. एवाल्ड आमच्या डनरेव्ह गावच्या रिंकचा अध्यक्ष. माणूस सोन्यासारखा, पण निर्णय घ्यायची वेळ आली की त्याच्या पोटात दुखायला लागतं. त्याने मदतीच्या आशेने माझ्याकडे पाहिलं. मी पाठ फिरवली आणि कढईतले बटाटे हलवायला लागले. वर्ना हुडिमाशी भांडायचं मी शाळेत असतानाच सोडून दिलं होतं.

आमच्या रिंकमध्ये खाली बर्फाचं मैदान आहे आणि वरती एक लांबलचक खोली, तिच्याच कोपऱ्यात माझा खाण्याचा काउंटर. खोलीला मोठी काच आहे, तिच्यातून आया पोरांचा सराव बघतात आणि प्रशिक्षकाला नावं ठेवतात. हिवाळाभर दर शनिवारी सकाळी त्या खोलीत वर्नाचं टेबल लागतं, म्हणून तिची किल्ली वर्नाकडे. बर्फावरच्या हॉकीतल्या खेळाडूंची चित्रं छापलेल्या कार्डांची अदलाबदल. कुणीही यावं, कितीही वेळ बसावं, आपलं जास्तीचं कार्ड द्यावं आणि नसलेलं घ्यावं. नियम एकच, पैसा दिसता कामा नये. एखाद्या नवख्या माणसाने पाकीट काढलं की वर्ना म्हणायची, "नोट खिशात ठेव," आणि त्याच्यापुढचं कार्ड मागे घ्यायची. ती शाळेची बस चालवते. अर्धं गाव तिच्या बसमध्ये बसून ओरडा खात मोठं झालं आहे, त्यामुळे कुणी उलट बोलत नाही.

त्या खोलीवर आता कोल्टन शेवचिकचा डोळा होता.

कोल्टनही तिच्याच बसमधला. शेवटच्या बाकावर बसून पुढच्याच्या टोपीत बर्फ भरणारा. आता त्याचा धंदा कार्डांचाच, पण वेगळा. तो आपल्या गॅरेजमध्ये मोबाइल लावून बसतो आणि नव्या कार्डांचे खोके लोकांच्या डोळ्यांदेखत फोडतो. टोरंटोपासून टेक्सासपर्यंतचे लोक आधीच पैसे भरून आपापल्या संघावर हक्क सांगतात. ज्याच्या संघाचं चकचकीत कार्ड निघालं त्याला ते पोस्टाने जातं. बाकीची साधी कार्डं, म्हणजे जवळजवळ सगळीच, पोत्यात भरून गावाबाहेरच्या कचऱ्यात. त्याला आता गॅरेज पुरेना. वरच्या खोलीत उजेड छान, मागे काचेतून बर्फ दिसणार, आणि गिऱ्हाइकं सगळी शनिवारी सकाळीच मोकळी. भाडं द्यायला तो तयार होता आणि रिंकला पैशाची गरज होती, कारण बर्फ गोठवणारं यंत्र खोकायला लागलं होतं. तेव्हा एवाल्डचं काही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पण मला त्याचा राग आला होता, हे खरं.

आमच्या लहानपणी सहकारी दुकानात गल्ल्याशेजारी कार्डांची पाकिटं असायची. आत च्युइंगमची गुलाबी पट्टी. ती इतकी कडक असायची की दात जायचा, पण आम्ही ती चघळत दुकानाच्या पायरीवर बसून कोण कोण निघालं ते बघायचो. मग आमची पोरं मोठी होत असताना कुणीतरी उठवलं की कार्डं म्हणजे म्हातारपणाची पुंजी. लोकांनी तळघरं भरली, छापणाऱ्यांनी ढीग छापले, आणि शेवटी त्या कार्डांना रद्दीचाही भाव राहिला नाही. माझ्या नवऱ्याने त्याच कार्डांनी चूल पेटवली. मग ती साथ आली, माणसं घरात कोंडली गेली, प्रत्येकाला आपलं बालपण आठवलं आणि भाव आकाशाला भिडले. आता तर कार्ड आधी एका कंपनीकडे पाठवतात. ते लोक भिंगातून कोपरे बघून दहापैकी गुण देतात आणि जाड प्लास्टिकच्या पेटीत कायमचं बंद करून परत पाठवतात. दहा गुणांच्या कार्डाला त्यानंतर माणसाचा हात लागत नाही.

वर्नाच्या टेबलाशी येणारी पोरं कमी झाली ती तेव्हापासून. नवं पाकीट घ्यायचं तर आईबापांनी किराणा कमी करावा अशी किंमत. आणि ज्याला चुकून एखादं चांगलं कार्ड मिळालं तो ते टेबलावर आणायलाच घाबरायचा.

खुद्द वर्नाही त्यातून सुटली नव्हती. तिच्याकडे ऑर्व्ही बिलाकचं पहिल्या वर्षाचं कार्ड होतं. ऑर्व्ही आमच्या शेजारच्या वस्तीतला, गव्हाच्या शेतातून उठून मोठ्या लीगमध्ये गेलेला. त्या वर्षी आम्ही पायरीवर शेजारी शेजारी बसलो होतो. माझ्या पाकिटातून कुणीतरी ढेरपोट्या गोलरक्षक निघाला आणि तिच्या पाकिटातून ऑर्व्ही. कितीतरी वर्षं ते कार्ड तिच्या कोटाच्या आतल्या खिशात, एका पाकिटात जपून ठेवलेलं असायचं. किंमत वाढली तसं ते खणात गेलं, मग कुलुपाच्या कपाटात आणि शेवटी बँकेच्या लॉकरमध्ये. आता म्हणे त्यात एक कोरा पिकअप ट्रक येतो. वर्ना मधूनमधून बँकेत जाऊन बघून यायची आणि तोंड पाडून माझ्याकडे कॉफीला बसायची. आजारी माणसाला भेटून आल्यासारखं वाटतं, असं ती एकदा म्हणाली होती.

तर त्या दिवशी एवाल्ड टोपी फिरवत उभा असताना कोल्टनच जिना चढून वर आला. किल्लीचं प्रकरण त्याला कळलं आणि त्याला हसू आलं.

"मिस वर्ना, आपण भिंतीवर मिटवू या ना," तो म्हणाला.

भिंतीचा डाव डनरेव्हमध्ये कुणाला सांगावा लागत नाही. शाळेच्या भिंतीपासून काही पावलांवर रेघ मारायची, रेघेमागून कार्ड भिरकवायचं. ज्याचं कार्ड भिंतीच्या सगळ्यात जवळ पडेल त्याने जमिनीवरची सगळी उचलायची. आणि एखाद्याचं कार्ड भिंतीला टेकून उभं राहिलं तर तो टेकू. टेकूपुढे सगळे चीत. वर्नाने आमच्या वर्गातल्या झाडून सगळ्या मुलांना त्या भिंतीशी कंगाल केलं होतं. तिच्या टेबलाशी बसणाऱ्या पोरांनाही तिनेच हा डाव शिकवला, कोल्टनला धरून.

एवाल्डचा चेहरा उजळला. आमच्याकडे समितीचे निम्मे निर्णय असेच होतात. मागे मुलींच्या संघाला संध्याकाळची वेळ मिळाली ती रस्सीखेच जिंकून. फेब्रुवारीतल्या कौटुंबिक सुटीच्या सोमवारी सगळं गाव रिंकवर असतंच, तेव्हा होऊन जाऊ दे, तो म्हणाला. जो जिंकेल त्याचे शनिवार.

"पण जुन्या नियमाने," कोल्टन म्हणाला. "शेवटची फेक जिवाच्या कार्डाची."

माझा हात कढईवर थांबला. जुना नियम असा की शेवटच्या फेकीला फुटकळ कार्ड चालत नाही. जे गेलं तर रात्री रडू येईल ते टाकायचं. आणि जिंकणाऱ्याने ते न्यायचं, परत द्यायचं नाही. कोल्टन कोणत्या कार्डाबद्दल बोलत होता ते आम्हा तिघांनाही कळलं. त्याचा हिशेब सरळ होता. एका खोलीसाठी कुणी पिकअप ट्रक भिंतीवर फेकत नाही. वर्ना नाही म्हणेल आणि किल्ली ठेवून जाईल.

वर्नाने तोंडातला घास गिळला. "चालेल," ती म्हणाली.

संध्याकाळी मी काउंटर आवरून बाहेर आले तर तिची बस अजून उभीच. इंजिन बंद, आत ती एकटी, स्टीअरिंगवर हात ठेवून. मी चढले आणि पहिल्या बाकावर बसले. इतकी घाबरलेली वर्ना मी तिच्या नवऱ्याच्या आजारपणानंतर पहिल्यांदाच बघत होते.

मी तिला खूप समजावलं. म्हटलं, अगं, विकून टाक ते कार्ड. कितीतरी वर्षांचं भाडं तूच भर, कोल्टन बसू दे गॅरेजमध्ये. सगळं सुटतं.

"टेबल राहील गं," ती म्हणाली. "पण मग मी पोरांना कोणत्या तोंडाने सांगू, नोट खिशात ठेव?"

आम्ही दोघी काचेवर बर्फ साचेपर्यंत तशाच बसून राहिलो.

पुढचे दिवस तिने दोन कामं केली. एक म्हणजे रोज फेरी संपल्यावर बसच्या शेडमध्ये भिंतीशी सराव. बोटं आखडली होती, थंडीने दुखत होती, पण मनगट अजून तेच. दुसरं काम माझ्याही लक्षात आधी आलं नाही. तिने कोल्टनकडे जाऊन त्याची कचऱ्यात निघालेली पोती मागितली. त्याने हसत हसत देऊन टाकली. वर आपल्या गाडीतून आणूनही पोचवली.

सुटीच्या सोमवारी सकाळी वरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्याशी पोती उघडी ठेवून वर्ना बसली होती. येणाऱ्या प्रत्येक पोराच्या ओंजळीत मूठभर कार्डं घालत होती. ती कोऱ्या वासाची, कुणालाच नको असलेली कार्डं. दहा मिनिटांत भिंतीचा वीतभर तुकडा मोकळा राहिला नाही. पोरं रेघा मारत होती, भांडत होती, गुडघ्यांवर सरपटत होती. त्यांचे बाप आधी नुसतं शिकवत होते, मग त्यांनी कोट काढले. आमचे धर्मगुरू एका सहा वर्षांच्या पोरीकडून एकामागून एक डाव हरले आणि आणखी कार्डं मागायला पोत्याशी आले. मी पेरोगी उकळून उकळून थकले, पण इतकं सुख मला त्या खोलीत कितीतरी वर्षांत झालं नव्हतं.

कोल्टनने मोबाइल तिकाटण्यावर लावला होता. जगभरातून लोक बघत होते. मग एवाल्डने शिट्टी फुंकली आणि भिंत रिकामी झाली.

साध्या कार्डांचे डाव दोघांचे बरोबरीत चालले. कोल्टन काही कच्चा नव्हता. तो पुढे गेला की त्याचे मित्र आरडाओरडा करायचे, वर्ना पुढे गेली की बसमधली सगळी पोरं पाय आपटायची. शेवटी एवाल्डने हात वर केला आणि म्हणाला, आता जिवाचं.

वर्नाने आतल्या खिशातून ऑर्व्हीला काढलं. साधा जाड पुठ्ठा, पिवळसर झालेला, त्यावर लाल जर्सीतला लाजरा पोरगा. मी तो किती वर्षांनी बघत होते. कोल्टनचं तोंड उघडंच राहिलं. ती ते खरंच आणेल असं त्याला वाटलं नव्हतं.

आता मागे फिरायचं तर सगळ्या जगासमोर. त्याने बॅगेतून आपलं कार्ड काढलं. नव्या जमान्यातला गाजलेला खेळाडू, दहापैकी दहा गुण, प्लास्टिकच्या पेटीत. त्याने पेटी रेघेशी धरली.

"पेटीसकट चालत नाही," भिंतीशी बसलेली पोरं एका सुरात म्हणाली.

त्याने एवाल्डकडे पाहिलं, एवाल्डने वर्नाकडे.

"उघडं टाकायचं, बाळा," वर्ना म्हणाली. "डाव कार्डाचा आहे."

"मिस वर्ना, पेटी फोडली की त्याचे दहा गुण गेले." त्याचा आवाज बारीक झाला होता. "मी हे कधी हातातसुद्धा घेतलेलं नाही."

"मग घे की."

मोबाइलवर अक्षरं भराभरा पळत होती, ती कुणी वाचत नव्हतं. मला त्या पोराची दया आली. त्याने तेवढ्या एका कार्डासाठी दोन उन्हाळे तेलाच्या विहिरींवर काम केलं होतं, हे मला त्याच्या आईने सांगितलं होतं. मग तो सरळ माझ्याकडे आला आणि त्याने हलक्या आवाजात विचारलं, मावशी, मांस कुटायचा हातोडा आहे का. मी दिला. त्याने काउंटरवर पेटी ठेवून कडेने दोन ठोके घातले. प्लास्टिक तडकलं. आतलं कार्ड त्याने दोन बोटांत धरलं आणि त्याच्या चेहऱ्यावर लहान मुलाचं हसू आलं, ते त्याला लपवता आलं नाही.

पहिली फेक त्याची. त्याने गुडघा वाकवला, मनगट झटकलं. कार्ड जमिनीला घासून गेलं, भिंतीजवळ वळलं आणि बोटभर अंतरावर निजलं. याहून जवळची फेक मी कधी पाहिली नव्हती. कोल्टनचे मित्र ओरडले. एवाल्डने डोळे मिटले.

वर्ना रेघेशी आली. तिने ऑर्व्हीच्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं. बस वळणावर घेते तशी खांद्यातून सहज वळली आणि तिने सोडलं.

कार्ड हवेत सपाट गेलं. भिंतीवर कोपऱ्याने आपटलं, तो चुरगळल्याचा बारीक आवाज साऱ्या खोलीने ऐकला. खाली सरकलं, कोल्टनच्या कार्डाच्या कडेला अडलं, आणि उभं राहिलं. भिंतीला पाठ टेकून, लाल जर्सीसकट, उभं.

टेकू.

मग जो आवाज झाला त्याने खालच्या बर्फावर खेळणारी पोरं थांबून वर बघायला लागली. बसमधली पोरं वर्नाच्या अंगावर तुटून पडली. धर्मगुरू टेबलावर चढले. मी हातातला झारा वाजवत रडत होते आणि मला त्याची लाज वाटली नाही. वर्ना मध्ये उभी राहून हसत होती, तोंडभर. माझी मैत्रीण भिंतीशी पुन्हा जिंकली होती, आणि या वेळी सगळ्या गावासाठी.

गलका शमल्यावर तिने वाकून दोन्ही कार्डं उचलली. कोल्टनने पुढे येऊन हात मिळवला आणि मग तिथेच घुटमळला. ती त्याचं कार्ड परत देईल अशी त्याची आशा होती, माझीही होती, खरं सांगायचं तर. वर्नाने दोन्ही कार्डं खिशात घातली.

"मिस वर्ना, मी त्याचे पैसे..."

"नोट खिशात ठेव," ती म्हणाली. "शनिवारी टेबलाशी ये. बदल्यात काय आणतोस ते बघू."

बर्फाच्या यंत्राचं म्हणाल तर एवाल्डला त्याच्या आयुष्यातला एकमेव निर्णय सुचला. आठवड्यातल्या संध्याकाळी खोली कोल्टनला भाड्याने. कोल्टनने खळखळ केली नाही, कारण तो डाव बघितलेले लोक त्याच्याकडे रांगा लावत होते. त्यातले काही जण तर आपली साधी कार्डं बांधून वर्नाच्या नावाने पाठवायला लागले. आमच्या पोस्टातली बाई अजून मला बोल लावते.

त्या शनिवारी टेबल भरलं होतं. बाहेरगावची माणसंही आली होती. रेजायना शहरातून आलेल्या एका गृहस्थाने ऑर्व्हीचा चेपलेला कोपरा बघून कपाळाला हात लावला आणि वर्नाला समजावलं की आता याचे जुने टायरसुद्धा यायचे नाहीत. वर्नाने ते नीट ऐकून घेतलं. मग तिने ते कार्ड शेजारच्या पोरीच्या हातात दिलं आणि म्हणाली, बघ, आणि पुढे दे.

पोरीने उलटं केलं. मागची बारीक अक्षरं तिने बोट ठेवून मोठ्याने वाचली. ऑर्व्ही बिलाक, डावखुरा. उन्हाळ्यात वडिलांबरोबर गहू कापतो. घोडे आवडतात.

"परत वाच," वर्ना म्हणाली. लॉकरमध्ये ते कार्ड इतकी वर्षं तोंड वर करून पडलेलं होतं, मागची बाजू कुणी वाचलीच नव्हती.

पोरीने परत वाचलं. मग कार्ड टेबलाभोवती फिरायला निघालं, या हातातून त्या हातात, कुणी कोपरा चाचपला, कुणी वास घेतला, कुणी दिव्याशी धरलं. कोल्टन रांगेत सगळ्यात शेवटी उभा होता. कार्ड त्याच्यापाशी पोचलं तेव्हा त्याने आधी आपली टोपी काढून काखेत धरली, आणि मगच हात पुढे केला.